हे कंपनीचं नाही ना जी

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे कूलरवाला येतो. जिन्याखालचे कूलर अंगणात निघतात. त्यांच्या पोटातून वर्षभराची धूळ, एखाद-दुसरी पाल, गेल्या जूनमध्ये वाळून कडक झालेल्या वुडवूलच्या ताट्या बाहेर पडतात आणि मग टाकीच्या तळाला धरलेला क्षार खरडण्याचा आवाज दोन तास घरभर. उन्हाळा लागल्याची वर्दी आम्हा नागपूरकरांना या खरडण्याने मिळते. कोकिळा-बिकिळा बाकीच्या महाराष्ट्राने बघून घ्यावी. यंदा मी ओसरीवर चहा घेऊन बसले होते. त्या पोराने थोरल्या, जुन्या कूलरचा पंप काढला, पंप ज्या पट्टीवर बसतो ती सोडवली आणि माझ्या पायापाशी फरशीवर टाकली. काटकोनात वाकवलेली, वीतभर लांब, दोन लांबट भोकं, आणि ताकद यावी म्हणून मधून दाबून काढलेली एक उभी शीर. मी कप खाली ठेवला. कारण ती पट्टी माझ्या चांगल्या ओळखीची होती. तिची सख्खी बहीण माझ्या दवाखान्याच्या कपाटात, पिवळ्या मऊ फडक्यात गुंडाळून, सात महिने ठेवलेली होती. तिचे चौदा फोटो मी इंग्लंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंत लोकांना पाठवले होते. एक अख्खी संध्याकाळ बसून तिला पॉलिश केलं होतं, तेही दातांच्या पॉलिशच्या रबरी चकतीने.

ती स्पिटफायरची नव्हती. कूलरची होती.

गाडी मामाची. ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क टू, १९६५ ची. मामा तेव्हा बर्मिंगहॅमजवळच्या एका इस्पितळात होता. १९६६ मध्ये परत येताना पाच वर्षांची सगळी शिल्लक गाडीत घालून आला. तेवढ्या पैशात धंतोलीत प्लॉट आला असता म्हणून आजोबांनी महिनाभर अबोला धरला होता म्हणे. बोटीने मुंबईला उतरलेली ती गाडी मामाने नाशिक, धुळे, अकोला, अमरावती करत तीन दिवसांत नागपुरात आणली. दोनच सीटा. त्यांच्या मागे सामान ठेवायला एक सपाट जागा, आणि मी पाच-सहा वर्षांची झाल्यावर ते सामान म्हणजे मी. टप खाली पाडलेला असायचा. रेक्झिन असं तापायचं की फ्रॉकखालच्या मांड्यांवर शिवणीचे लाल वळ उठायचे. पेट्रोलचा वास, मामाच्या केसांच्या तेलाचा वास, आणि संत्र्याच्या दिवसांत मामी पुढे बसून सोलत असलेल्या सालीचा तो डोळ्यांत जाणारा फवारा. फुटाळ्याला जायचो, तेलंगखेडीला जायचो, वर्षातून एकदा रामटेकला. रामटेकच्या रस्त्यावर मामा मागे न बघता ओरडायचा, ‘आहेस का गं?’ आणि मी ‘आहे’ म्हणायचे. वाऱ्यात त्याला ऐकू जायचं नाही म्हणून तो पुन्हा विचारायचा. रामटेकपर्यंत एवढंच संभाषण.

१९८३ मध्ये गाडी आउटहाउसमध्ये गेली. काहीतरी क्लचचं होतं. पुढच्या हिवाळ्यात काढू, असं मामा दर हिवाळ्यात म्हणायचा. त्याने फियाट घेतली, मग फियाट विकून मारुती. गाडीवर ट्रकची ताडपत्री, ताडपत्रीवर चिंचेचा पाला, पाल्यावर मांजरीची पिल्लं. २०११ मध्ये मामा गेला. मामी म्हणाली, मुलं अमेरिकेत, त्यांना या डबड्याचं काय, तू घेऊन जा. मी लगेच घेतली नाही. घ्यायला आणखी आठ वर्षं लावली. ताडपत्री काढली त्या दिवशी मी स्पिटफायरच्या जन्माची एक गोष्ट नुकतीच वाचली होती. जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने तिचा आकार काढला, नमुन्याची गाडीही तयार झाली, पण कंपनीकडे पैसा नव्हता म्हणून ती कॉव्हेंट्रीच्या कारखान्याच्या एका कोपऱ्यात कापडाखाली पडून राहिली. १९६१ मध्ये ट्रक बनवणाऱ्या लेलँडने ही कंपनी, स्टँडर्ड-ट्रायम्फ, ताब्यात घेतली. नव्या मालकांची माणसं आपण नेमकं काय विकत घेतलंय ते बघत कारखान्यात हिंडत होती, तेव्हा त्यांनी ते कापड उचललं. ऑक्टोबर १९६२ मध्ये गाडी लंडनच्या प्रदर्शनात उभी होती. पुढच्या अठरा वर्षांत तशा ३,१४,३३२ गाड्या बनल्या. ही गोष्ट डोक्यात घोळवत मी मोठ्या ऐटीत ताडपत्री उचलली, तर खालून एक घूस पळाली.

मिस्त्री सापडले कामठी रोडला. टिनाची शेड, समोर कडुनिंब, आत तीन मारुती आणि एका ट्रकचं नाक. वय सत्तरीच्या पुढे. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, ‘तुमी कायच्या डॉक्टर जी?’ म्हटलं, दातांची, डेंटिस्ट. ते म्हणाले, ‘मंग आपलं जमते. मी डेंटर.’ हा विनोद त्यांनी पुढे शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येक माणसाला ऐकवला आहे. त्यांच्याकडे गाडी न्यायचं खरं कारण असं की पोरवयात ते सीताबर्डीच्या एका गॅरेजात हेरल्डवर शिकले होते. आपल्याकडची स्टँडर्ड हेरल्ड, मद्रासला १९६१ पासून बनायची ती. तिचा आकारही मिकेलोत्तीचाच, आणि स्पिटफायर म्हणजे हेरल्डच्याच हाडामांसाची धाकटी बहीण. तीच पुढची चाकं वळवण्याची कुसर, त्याच घराण्यातलं इंजिन, मडगार्डांसकट पुढे उलटणारं तेच अख्खं बोनेट. मामाने सत्तरच्या दशकात गाडी चालू ठेवली तीही हेरल्डच्या सामानावर. मिस्त्रींनी बोनेट उघडलं, पुढच्या सस्पेन्शनकडे बघितलं आणि जुना शेजारी भेटावा तसे हसले. ‘हे तं हेरल हाये!’

पूर्ण हेरल नव्हती, तिथेच घोटाळा झाला.

दाराखाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, पत्र्याची एक पोकळ पन्हाळ जाते. इंग्रजी पुस्तकं तिला सिल म्हणतात, आमचे मिस्त्री पायदान म्हणतात. बाहेरून निळा रंग, रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, आणि लांबीखाली काहीच नाही अशी तिची अवस्था होती. स्क्रू ड्रायव्हर टेकवला की आत जायचा. मी तिथेच होते त्या दिवशी. छिन्नीने बाहेरचा पत्रा उकलत गेला, पापडासारखा मोडत. आतून लाल माती, वारुळाची असावी तशी, खळकन खाली सांडली. त्यामागे आणखी एक पत्रा निघाला. उभा, खवल्यांनी भरलेला, खालच्या काठाला जाळी झालेली. त्याच्याही मागे अजून एक, तो गाडीच्या आतला. मिस्त्रींनी मधल्यावर हातोडीने टक टक केलं.

‘ताई, हे पाहा. बाहेरचा निघाला, आतला हा दिसून राह्यला. मंग हा मधातला कायले? हे कंपनीचं नाही ना जी. हे कोनं तरी मांगून घुसडलं.’

‘नक्की?’

‘म्या पन्नास हेरल उकलल्या असतील. हेरलमधे असं काईच नसते.’

मला ते लगेच पटलं. पटण्यामागे माझाही एक रोग आहे, तो कबूल करते. पंचवीस वर्षं मी लोकांच्या तोंडात आधीच्या डॉक्टरांचं काम बघते आहे. प्रोब फिरवला की कळतं, हा दात, ही भरलेली चांदी, हे सिमेंट, आणि या दोघांच्या सांध्यात पुन्हा लागलेली कीड. इनॅमलवर प्रोब सरकताना एक बारीक, काचेसारखा आवाज येतो. भरलेल्या जागी तो बसका होतो. आणि बसका आवाज आला की मनात आपोआप उमटतं, ‘कोणी केलं हे?’ आपल्या आधीच्याने घाण करून ठेवली आहे असं मानायला आमच्या धंद्यात फार पुरावा लागत नाही. मिस्त्रींच्याही लागत नाही. दोघांनी मिळून त्या मधल्या पत्र्याला शिव्या दिल्या, बाहेरच्या नव्या पत्र्याला तो आडवा येईल असं ठरवलं आणि दोन्ही बाजूंचा कापून शेडमागच्या भंगारात टाकला.

आता सांगायला लाज वाटते, पण कापण्याआधी मी त्या पत्र्याच्या वरच्या काठावर बोट फिरवलं होतं. तिथे गोल ठसे होते, नाण्याएवढेही नाहीत, शर्टाच्या बटणाएवढे. सगळे सारखे, सारख्या अंतरावर, एका ओळीत. तो कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचा ठसा. नागपुरात मागून घुसडलेला पत्रा गॅसने जोडलेला असता, मेणबत्तीच्या मेणासारखे ओघळ असते, कुठे पितळ भरलेलं असतं. माझ्या बोटांना ते कळलं असणार. डोक्यापर्यंत पोचलं नाही, कारण डोक्यात निकाल आधीच लागला होता.

दहा दिवसांनी मिस्त्रींचा फोन. ‘दार लागत नाही जी.’ गेले. ड्रायव्हरच्या बाजूचं दार वरच्या मागच्या कोपऱ्यात चौकटीला घासत होतं. खाली तीन सूत फट, वर कागद जाईना. दाराचं काही बिघडलं नव्हतं; चौकटच मिटत चालली होती. गाडी मधोमध खचत होती, जुन्या खाटेसारखी, अगदी सावकाश, कोणाचं लक्ष नसताना. त्या रात्री मी कारखान्याच्या सुट्या भागांच्या पुस्तकाची प्रत उघडून बसले. ते काम मी आधी करायला हवं होतं हे तुम्ही म्हणालच. त्या चित्रांत गाडीचा एकेक पत्रा हवेत वेगळा तरंगत असतो आणि प्रत्येकाला एक आकडा. सिलच्या जागी तीन होते. बाहेरचा, आतला आणि मधला, बळकटीचा.

कारण समजलं तेव्हा मिस्त्रींचा राग येईना, उलट वाईट वाटलं. हेरल्डच्या चेसीला दोन्ही बाजूंनी हात फुटलेले असतात, बॉडीच्या कडा त्यांवर टेकतात, आणि दाराखालचा पत्रा नुसता झाकायला, नटबोल्टने लावलेला. त्या गाडीची बॉडीच अशी तुकड्यातुकड्यांची आहे. कंपनीला बॉडी बनवून देणारा कारखाना १९५३ मध्ये दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेऊन टाकला होता, अख्खं धूड एके ठिकाणी दाबून घ्यायची सोय उरली नव्हती. मग तुकडे जागोजाग करून घेतले आणि बोल्टने जोडले. स्पिटफायर करताना चेसीचे ते बाजूचे हात काढून टाकले, फक्त मधला कणा ठेवला, आणि बाजूंचा भार दिला या तीनपदरी पन्हाळीवर. मागच्या चाकांना पुढे-मागे धरून ठेवणारे दांडेसुद्धा सीटमागच्या बॉडीच्या पत्र्यालाच येऊन जोडले आहेत. म्हणजे पन्नास हेरल उकलल्या नसत्या तर मिस्त्री कदाचित थांबले असते, दोनदा विचार केला असता. त्यांचं ज्ञानच आडवं आलं. माझं तर ज्ञानही नव्हतं, नुसती सवय होती.

मी त्यांना मोबाइलवर ते चित्र दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते बराच वेळ बघितलं, बोटांनी मोठं केलं, लहान केलं. मग एवढंच म्हणाले, ‘माहं चुकलं जी.’ दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात जाण्याआधी शेडवर पोचले, तर दोन्ही दारांच्या मोकळ्या चौकटीत आडवे अँगल वेल्ड करून ते बसले होते. खाली जॅक. अर्धं सूत उचलायचं, बिडी ओढायची, माप घ्यायचं, पुन्हा अर्धं सूत. चौकट उघडायला त्यांनी अडीच दिवस लावले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

कापलेला पत्रा तोवर कबाड्याने नेला होता. मी आणि मिस्त्रींचा नातू त्याच्या गोदामात गेलो. तिथे सायकलींची रिमं, टिनाची पिंपं, एका शाळेच्या बाकांचे पाय, आणि सगळ्यावर दुपारचं ऊन. लोखंड हातात धरवत नव्हतं. डाव्या बाजूचा पत्रा मिळाला, उजव्या बाजूचा भट्टीकडे गेला होता. मालकाने तो काट्यावर टाकला, दोन किलोच्या आत भरला, आणि भावात एक पैसा सोडला नाही. मी घेऊ बघतेय म्हणजे त्यात काहीतरी असणार, एवढं त्याने ओळखलं. तो जाळीदार पत्रा पुठ्ठ्यावर ठेवून आम्ही त्याची कड पेन्सिलीने काढली, गेलेली कड पुस्तकातल्या चित्रावरून अंदाजाने पुरी केली, उलटी करून उजवी बाजू मिळवली, आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेटरने अठरा गेजच्या पत्र्यातून प्रेस ब्रेकवर दोन्ही वाकवून दिले. ते बसले. दार लागलं. ‘खट’ असा एकच आवाज आला, तो मी नातवाकडून चार-पाच वेळा काढून घेतला.

इंजिनाचं, वायरिंगचं सांगत बसत नाही. ते सरळ होतं. खर्च विचारू नका.

दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून प्यायचं, तशी त्यानंतर मी वागू लागले. शेडमध्ये फर्मान काढलं, गाडीतून निघालेला एकही तुकडा मला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. एकेक क्लिप, एकेक वायसर, गंजून बिनओळखीचा झालेला प्रत्येक पापुद्रा दवाखान्यातल्या निर्जंतुकीकरणाच्या पाकिटांत जाऊ लागला. पाकिटावर तारीख, जागा, डावी-उजवी. आमची कंपाउंडर बाई एकदा म्हणाली, मॅडम, पेशंटच्या दातांना आपण इतकं जपत नाही. मागच्या दिव्याच्या रबराखाली नखाएवढा मूळ रंग सापडला. गर्द हिरवा, कोनिफर ग्रीन. आम्हाला आठवत असलेला निळा मामाने केव्हातरी इथेच मारून घेतला होता. त्या नखाएवढ्या हिरव्याने मी आठवडाभर हवेत होते. जे जे दिसेल ते कंपनीचं, असा माझा पवित्रा झाला. आधी सगळंच मागून घुसडलेलं वाटत होतं, आता सगळंच कॉव्हेंट्रीचं.

आणि नेमकी तेव्हा ती पट्टी निघाली. सीटांच्या मागे, मी बसायचे त्या सपाट जागेच्या कडेला, कुजक्या कार्पेटखाली, दोन बोल्टांवर. पुस्तकात नव्हती. म्हणजे दुर्मिळ! स्पिटफायरच्या पहिल्या दोन मॉडेलांत टपाचा सांगाडा घडी होऊन मागे पडत नसे, त्याच्या दांड्या सुट्या करून डिकीत ठेवाव्या लागत. ही पट्टी त्या दांड्यांसाठीच असणार, असा शोध मी लावला. डिकीतल्या दांड्या सीटांमागे कशाला येतील, हे विचारायला कोणी नव्हतं. फोटो गेले. इंग्लंडमधल्या एका निवृत्त गृहस्थांनी फार सभ्यपणे कळवलं की असं काही त्यांनी कधी पाहिलं नाही, पण सुरुवातीच्या गाड्यांत काहीही असू शकतं. त्या ‘काहीही’वर मी सात महिने काढले. पॉलिश करताना गंजाखालून जस्ताची फुलं उमलून आली, बर्फाची काचेवर उमटतात तशी, राखाडी, टोकेरी. किती सुंदर, असं मी नवऱ्याला म्हटल्याचं आठवतं. स्पिटफायरच्या बॉडीत जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नसतो. असता तर आमचं पायदान वारुळ कशाला झालं असतं! जस्ताची फुलं असतात पाण्याच्या टाकीवर, बादलीवर आणि नागपूरच्या कूलरवर. प्रत्येक उन्हाळ्यात रात्रभर ज्याच्या तोंडासमोर मी झोपते, त्याचाच पत्रा मला परदेशी वाटला.

कूलरवाला गेल्यावर पट्टी घेऊन मी शेडवर गेले. मिस्त्री मागच्या मडगार्डवर लांबी घासत होते. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. त्यांनी मान वर केली, बघितलं आणि पुन्हा घासायला लागले.

‘मले पयल्याच दिवशी समजलं होतं जी.’

‘मग बोलले काहून नाही?’

पाणी मारलं, दोन हात फिरवले.

‘त्या पायदानाच्या टायमाला बोललो होतो ना.’

मी तिथल्या स्टुलावर बसून राहिले. कडुनिंबाची पानगळ चालू होती, शेडच्या टिनावर ती पिवळी पानं सरसर घसरत होती. सात महिने हा माणूस रोज ती पट्टी माझ्या तोंडून ‘कंपनीची’ म्हणून ऐकत होता आणि गप्प बसत होता. माझं हसं होऊ नये म्हणून नाही, तर आपला शब्द आता चालत नाही म्हणून. मी काही बोलले नव्हते त्यांना, एका शब्दाने नाही. पण पाकिटं आणली होती. त्या पाकिटांवरच्या माझ्या सुबक अक्षरात त्यांनी काय वाचलं असेल ते मला तेव्हा कळलं. काटोलहून एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे आले होते, त्यांचा पुढचा दात फूटपाथवरच्या माणसाने तारेने बांधून, वर ॲक्रिलिक थापून बसवलेला होता. मी मुलासमोरच म्हणाले, हे असले धंदे! म्हातारे ओशाळले. काढताना विचारलं, किती दिवस झाले? तर म्हणाले, मुलीच्या लग्नाआधी बसवला होता, आता तिचा पोरगा कॉलेजात आहे. आसपासच्या हिरड्यांची वाट लागली होती हे खरं. पण त्या दाताने नातवाच्या बारशाचे, मुंजीचे सगळे फोटो निभावून नेले होते, आणि मी तो ट्रेमध्ये टाकला तेव्हा त्यांनी तो परत मागून घेतला.

संध्याकाळी मामीकडे गेले. तिचं वय आता ब्याऐंशी, एक कान गेलेला, पण साडीची निरी अजून सरळ. पट्टी हातात दिली. उलटीपालटी करून म्हणाली, अगं, ही आपल्या त्या पहिल्या कूलरची. आणीबाणीनंतरच्या उन्हाळ्यात घेतला होता. पंप जळला तेव्हा तुझ्या मामाने त्याचं हे काढून गाडीत लावलं, माझी पाण्याची सुरई कलंडायची ना रामटेकच्या रस्त्यावर, तिला आधार म्हणून. मी म्हटलं, बरं. चहा झाला, शेजारच्यांच्या सुनेचं झालं. निघताना दारात तिने माझा हात धरला. सुरईसाठी नव्हतं गं ते, म्हणाली, सुरई मी पायाशी घेऊन बसायची. तुला धरायला केलं होतं. तू मागे घरंगळायचीस.

मी आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. तापलेलं रेक्झिन आठवतं, सालीचा फवारा आठवतो, ‘आहेस का गं’ तर आठवतंच. हातात पत्र्याची कड धरल्याचं काही केल्या आठवत नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलं तर मामी पुन्हा सुरईवर आली होती.

आता गाडी रंगावर आली आहे. कोनिफर ग्रीन मिसळून तयार आहे, डब्याच्या झाकणावर मिस्त्रींनी बोटाने एक पट्टा ओढून वाळत ठेवलाय. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात परीक्षक कार्पेट उचलून बघतात, आतलं एखादं जास्तीचं भोकसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नाही, आणि मला तिथे जायचं नाही असं मी म्हणणार नाही; हिरवा कोट शिवून घेण्यापर्यंत माझी तयारी झाली आहे. सीटांच्या मागे त्या जागी आता फक्त दोन भोकं आहेत. ड्रिलने पाडलेली नाहीत, खिळ्याने ठोकून मग कानसीने मोठी केलेली, कडा आत वळलेल्या. मामाला हत्यारं धरता येत नव्हती.

काल मिस्त्रींनी गॅस पेटवला, पितळेची कांडी हातात घेतली आणि ज्योत बाजूला धरून विचारलं, ‘ताई, हे दोन होल कंपनीचे नाही. बुजवू का?’

मला इतकं बरं वाटलं की त्यांनी ते तोंडाने म्हटलं. मी म्हणाले, थांबा जरा, आधी चहा सांगू.